हवेतलं मागचं चाक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणातल्या आमच्या घरापाशी पोचायचं तर शेवटी जांभ्या दगडाची एक आखूड पण खडी चढण लागायची. एकदा श्रावणात आम्ही तिथं गाडी घेऊन गेलो. चढणीवर शेवाळ धरलेलं. गाडी अर्ध्यावर गेली आणि पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरायला लागली. अॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी ती जास्त फिरायची आणि गाडी हळूहळू खालीच यायची. शेजारच्या पडवीत सुपारी कातरत बसलेले एक आजोबा हे सगळं पाहत होते. ते तिथूनच म्हणाले, "तोंड फिरव तिचं. पाठमोरी ने वर." आम्ही गाडी वळवली, रिव्हर्स टाकला, आणि ती मुकाट्यानं वर गेली.

आजोबांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. पण चढणीवर वजन खालच्या बाजूच्या चाकांवर येतं, आणि ज्या चाकांवर वजन तीच चाकं जमीन धरतात, हे त्यांना बैलगाडीवरून ठाऊक होतं. आमच्या गाडीला जोर मिळत होता पुढच्या चाकांतून. सरळ चढताना तीच चाकं हलकी होत होती. पाठमोरं गेल्यावर ती खालच्या बाजूला आली, त्यांच्यावर भार आला आणि काम झालं.

आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती याच अडचणीची आहे. मात्र ती कोकणात घडलेली नाही, बरीचशी इंग्लंडच्या शर्यतीच्या मैदानांवर घडली आहे. तिथं पाठमोरं जाण्याची सोय नव्हती.

आधी थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडे कित्येक वर्षं रस्त्यावर दिसायच्या त्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी. दोन्हींचं इंजिन पुढं, पण जोर मागच्या चाकांना. गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा इंजिनाची ताकद मागं नेत असे. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायांत जो उंचवटा यायचा, तो याच दांड्यासाठी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि जोर पुढच्याच चाकांना. उंचवटा गेला, गाडी लहान होऊनही आत जागा झाली. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्या याच जातीच्या आहेत. हिला फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणतात. आपण सोयीसाठी 'पुढून ओढणारी' म्हणू.

ही जात तशी जुनी. फ्रान्समध्ये सिट्रोएननं १९३४ सालीच अशी गाडी मोठ्या संख्येनं बाजारात आणली होती. पण इंजिन आडवं टाकून सगळा संसार पुढच्या दीडदोन फुटांत बसवायचा आणि तो घराघरांत पोचवायचा, हे काम केलं ब्रिटनच्या मिनीनं. १९५६ साली सुएझचा पेच उभा राहिला, पेट्रोलची टंचाई झाली, आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याला एक छोटी, काटकसरी गाडी करायला सांगितलं. १९५९ मध्ये ती आली. लांबी फक्त दहा फूट, चाकं दहा इंची, इंजिन ८४८ सीसी, आणि आत चार माणसं. नेहमीच्या स्प्रिंगांना जागाच उरली नव्हती. म्हणून अॅलेक्स मोल्टन या इसिगोनिसच्या मित्रानं रबराचे शंकू वापरून सस्पेन्शन तयार केलं. मोल्टनच्या घराण्याचा धंदाच रबराचा. या रबराचा गुण असा, की ते जितकं दाबावं तितकं जास्त कडक होतं. रिकामी गाडी आणि चार माणसांची गाडी यांत वजनाचा फरक मोठा, तो या गुणामुळे सांभाळला गेला.

ही गाडी किराणा आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला केलेली होती. शर्यतीचा विचार इसिगोनिसच्या मनात नव्हता. पण १९६१ साली सर जॉन व्हिटमोर यांनी अशाच एका मिनीतून ब्रिटनची सलून गाड्यांची अजिंक्यपद मालिका जिंकली. पुढच्याच वर्षी ऱ्होडेशियाचा जॉन लव्ह मिनी कूपरमधून विजेता ठरला. १९६९ मध्ये अॅलेक पूल, १९७८ आणि १९७९ मध्ये रिचर्ड लाँगमन. या मालिकेत गाड्या इंजिनाच्या आकारानुसार गटांत विभागलेल्या असत आणि गुण गटातल्या क्रमांकावर मिळत. त्यामुळे छोट्या गाडीलाही एकूण अजिंक्यपद मिळू शके, हे इथं सांगायला हवं. तरीही जुन्या छायाचित्रांत मिनी मोठमोठ्या गाड्यांच्या टाचेला लागलेली दिसते.

त्या छायाचित्रांत आणखी एक गोष्ट दिसते. वळणावरच्या जवळपास प्रत्येक मिनीचं आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत असतं. पाहणाऱ्याला वाटतं, आता ही उलटणार. प्रत्यक्षात गाडीची तब्येत उत्तम असते. ते चाक हवेत का, हे समजलं की पुढची चाळीस-पन्नास वर्षं समजली.

पुढून ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर तीन कामं असतात. गाडी ओढायची, वळवायची आणि ब्रेकचा मोठा भागही सोसायचा. मागची दोन चाकं नुसती गडगडत मागून येतात. घरातल्या एकाच सुनेवर सगळं काम पडावं, तसा प्रकार. इंजिनही पुढंच असल्यामुळे गाडीचं बरंचसं वजन पुढं. मग वळणात वेग थोडा जास्त झाला की आधी थकतात ती पुढची चाकं. चालक स्टिअरिंग फिरवतो, पण गाडी वळणाच्या बाहेर नाक काढते. याला अंडरस्टीअर म्हणतात. त्यात वळणातून निघताना चालकानं अॅक्सिलरेटर दिला की वजन मागं सरकतं, पुढची चाकं आणखी हलकी होतात, आणि आमच्या चढणीवरचीच गत.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे पुढची बाजू घट्ट करणं, पुढची स्प्रिंग कडक करणं. तो नेमका चुकीचा आहे. का, ते सांगण्यासाठी मी तुम्हाला मार्केट यार्डात नेतो.

एका हमालाच्या पाठीवर एक पोतं दिलं की तो ते झपाझप नेतो. दुसरंही त्याच्याच पाठीवर टाकलं, तर तो नेईल, पण पाय ओढत. तेच दुसरं पोतं शेजारी रिकाम्या उभ्या असलेल्या हमालाला दिलं तर दोन्ही पोती झटपट पोचतील. टायरचं असंच आहे. वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणजे दोन टायरांवर भार सारखा असेल तेव्हा त्या जोडीची पकड सगळ्यांत जास्त. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर जातं आणि जोडीची एकूण पकड घटते.

आता यातली मेख पाहा. वळणात एकूण किती वजन बाहेर सरकणार, हे गाडीची उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. त्यापुढे माणसाचं चालत नाही. पण त्यातलं किती पुढच्या जोडीत सरकावं आणि किती मागच्या, हे मात्र मेकॅनिकच्या हातात असतं. जी बाजू ताठ, ती हा बोजा जास्त घेते. मागची बाजू मुद्दाम ताठ केली आणि पुढची त्या मानानं मऊ ठेवली, की कलण्याचा सगळा भार मागची जोडी उचलते. मागच्या आतल्या चाकावरचं वजन कमी कमी होत शून्यावर येतं आणि चाक जमीन सोडतं. पण पुढची दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली राहतात आणि ओझं वाटून घेतात. मागच्या जोडीची पकड मुद्दाम बिघडवायची, कारण तिच्याकडे पकड शिल्लक आहे.

हे करण्याचं मुख्य साधन म्हणजे अँटी-रोल बार. गाडीच्या रुंदीइतकी एक पोलादी सळई, तिची दोन टोकं दोन्हीकडच्या चाकांना जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते. एकच वर जायला लागलं की ती पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. मागची सळई जाड करा, पुढची बारीक करा किंवा काढूनच टाका. मात्र यालाही मर्यादा आहे. मागचं चाक जमिनीपासून बोटभर उचललं की मागच्या जोडीचा जमाखर्च संपला. द्यायला तिच्याकडे काही उरत नाही. त्यानंतर कलण्याचा जो भार वाढेल तो सगळा पुढच्या जोडीवर. म्हणून चाक फूटभर उचललेल्या गाडीचा फोटो छान येतो, पण ती वेगवान असतेच असं नाही.

लाँगमनच्या १९७९ च्या विजयानंतर मात्र या जातीला ओहोटी लागली. १९८० ते १९८८ या काळात ब्रिटिश मालिकेचं अजिंक्यपद दरवर्षी मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीलाच मिळालं. इंजिनांची ताकद वाढत गेली, टर्बो आले, आणि जाणकार म्हणू लागले की एवढा जोर पुढच्या चाकांना पेलायचा नाही. १९८९ मध्ये जॉन क्लीलँड या स्कॉटिश चालकानं पुढून ओढणाऱ्या व्हॉक्सहॉल अॅस्ट्रामधून अजिंक्यपद मिळवलं, तेही गटांच्या गुणांवरच.

खरा बदल झाला नियमांत. १९९० मध्ये दोन लिटर इंजिनाचा नवा गट आला आणि १९९१ पासून सगळी मालिकाच त्या एका गटाची झाली. टर्बो नाही, इंजिनाचे फेरे मिनिटाला ८,५०० च्या वर न्यायचे नाहीत, आणि गाडी बाजारात मिळते तीच. पुढे हेच नियम जगभर 'सुपर टुरिंग' नावानं पसरले. व्हॉक्सहॉल, फोर्ड, रेनॉ, निसान, टोयोटा, पर्जो यांच्या घरगुती गाड्या पुढून ओढणाऱ्या. समोर बीएमडब्ल्यू, मागून ढकलणारी. पहिली तीन वर्षं बीएमडब्ल्यूचीच. १९९१ मध्ये विल हॉय, १९९२ मध्ये टिम हार्वी, १९९३ मध्ये योआखिम विंकेलहॉक.

यातलं १९९२ थोडक्यात हुकलं. सिल्व्हरस्टोनच्या शेवटच्या शर्यतीत हार्वीची बीएमडब्ल्यू, क्लीलँडची कॅव्हलिअर आणि आता टोयोटात आलेला हॉय, असे तिघे दावेदार होते. क्लीलँड आणि बीएमडब्ल्यूचाच स्टीव्ह सोपर यांची अशी टक्कर झाली की दोघेही बाद, आणि अजिंक्यपद हार्वीला. त्या धडकेवर अजूनही वाद घालणारे लोक आहेत. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की पुढून ओढणारी गाडी शेवटच्या दिवसापर्यंत शर्यतीत टिकली होती. पुढच्या वर्षी मोन्झाला झालेला टुरिंग गाड्यांचा विश्वचषक न्यूझीलंडच्या पॉल रॅडिसिचनं जिंकला, तो पुढून ओढणाऱ्या फोर्ड मोंडेओमधून.

आणि मग बांध फुटला. १९९४ मध्ये गॅब्रिएले टार्क्विनी, अल्फा रोमिओ. १९९५ मध्ये पुन्हा क्लीलँड. १९९६ मध्ये चारही चाकांना जोर देणारी ऑडी मधे आली, पण १९९८ पासून तशा गाड्यांना ब्रिटिश मालिकेत बंदीच झाली. १९९७ मध्ये अॅलन मेन्यूनं रेनॉ लागुनामधून एका मोसमात बारा शर्यती जिंकल्या. १९९४ ते २००८ या पंधरा मोसमांत मागून ढकलणाऱ्या गाडीला ब्रिटनचं अजिंक्यपद एकदाही मिळालं नाही. जाणकारांनी ज्या गाडीला किराणा आणायला पाठवलं होतं, तिनं पंधरांपैकी चौदा मोसम घेतले.

हे कसं साधलं? मिनीवाल्यांनी अंदाजानं केलेली गोष्ट आता फॉर्म्युला वनची माणसं मोजमाप घेऊन करू लागली. रेनॉच्या गाड्या विल्यम्स संघ सांभाळत होता, फॉर्म्युला वनमधलाच. नियमांच्या चौकटीत बसेल तितकं इंजिन खाली आणि मागं सरकवलं गेलं. पुढच्या चाकांची वरची कड आत झुकवली गेली, म्हणजे वळणात गाडी कलली की बाहेरच्या टायरचा पूर्ण तळवा जमिनीवर बसेल. यालाच कॅम्बर म्हणतात. एका चाकाची पकड सुटली तरी ताकद दुसऱ्याकडे जात राहील असा डिफरन्शिअल आला. मागच्या दोन चाकांची तोंडं किंचित बाहेर वळवली, अगदी अंशाच्या भागात, म्हणजे गाडीचं शेपूट स्वतःहून वळायला राजी होईल. आणि मागची बाजू आणखी ताठ.

अशी गाडी चालवणं म्हणजे काय, याची कल्पना करा. मागचे टायर ना ओढतात, ना वळवतात, ब्रेकही थोडाच सोसतात. त्यामुळे ते तापत नाहीत, आणि शर्यतीचा टायर तापल्याशिवाय चिकटत नाही. पहिल्या एकदोन फेऱ्यांत पुढची चाकं तापून जमीन धरतात आणि मागची बर्फावरून चालल्यासारखी. तशात वळणात शिरल्यावर चालक घाबरला आणि त्यानं अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर वजन झटकन पुढं येतं, मागचं उरलंसुरलं निघून जातं आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. तिथं शरीराची प्रत्येक नस सांगत असते की पाय काढ, आणि चालकानं पाय दाबायचा असतो. जोर दिला की पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. ही युक्ती बर्फाळ रस्त्यांवर रॅली चालवणाऱ्या स्कँडिनेव्हियन चालकांना आधीपासून ठाऊक होती. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेक दाबायचा. नाक खाली बसतं, शेपूट फिरतं, आणि ओढ सुटत नाही.

म्हणजे मेकॅनिकनं गाडीचा दोष बरा केला नाही. तो पुढून काढून मागं नेला आणि चालकाच्या हवाली केला.

आता एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. हे यश सस्पेन्शनचं की नियमांचं? मागून ढकलणाऱ्या गाडीला त्या काळात जास्त वजन बाळगावं लागे. बीएमडब्ल्यूवाले कुरकुर करत, आणि ती अगदीच खोटी नव्हती. मालिका चालवणाऱ्यांनाही कारखाने हवे होते, आणि बहुतेक कारखाने पुढून ओढणाऱ्या गाड्या विकत होते. पण वजनाची सवलत वळणात नाक बाहेर जाण्याचं थांबवत नाही. हलकी गाडीही वळवावी लागतेच. बीएमडब्ल्यूनं पहिली तीन वर्षं जिंकली तीही काही सवलत तिच्या बाजूला होती म्हणून नव्हे. नियमांनी दार उघडलं असेल, आत शिरण्याचं काम मागच्या सळईनं केलं, असं माझं मत. उभ्या जागेवरून शर्यत सुरू होते तेव्हा मात्र अजूनही मागून ढकलणारी गाडी पुढं सटकते. तिथं आजोबांचाच नियम चालतो, त्याला कुणीही सळई लावू शकलेलं नाही.

सुपर टुरिंग खर्चानं मेलं. ब्रिटनमध्ये २००० हा त्याचा शेवटचा मोसम. पण त्यात शिकलेली विद्या गेली नाही. जागतिक मालिकेत अँडी प्रिऑलनं २००५ ते २००७ सलग तीन वर्षं बीएमडब्ल्यूमधून बाजी मारली, आणि लगेच २००८, २००९ मध्ये पुढून ओढणाऱ्या सेआट लिऑननं ती परत घेतली, तीही डिझेल इंजिनावर. २०१५ मध्ये टीसीआर नावाचे नवे नियम आले. त्यांत तर गाडी पुढून ओढणारीच हवी, अशी अटच आहे. साठ वर्षांपूर्वी ज्याला अडचण म्हणत, ती आता प्रवेशाची पात्रता झाली. टीसीआरच्या गाड्यांवर झालेली २०१८ ची जागतिक मालिका ह्युंदाईच्या आय-थर्टीमधून जिंकली, ती त्याच टार्क्विनीनं. वय ५६. चोवीस वर्षांपूर्वी अल्फामध्ये जे मागचं चाक त्यानं हवेत फिरवलं होतं, तेच जणू अजून फिरत होतं.

आपल्याकडेही याची चव पोचली. चाकणला बनणाऱ्या पोलोवर आधारलेली एक शर्यतमालिका फोक्सवागननं २०१० मध्ये सुरू केली. बऱ्याच शर्यती तमिळनाडूतल्या ट्रॅकवर व्हायच्या. आपल्या पार्किंगमध्ये उभी असते तशीच गाडी तिथं वळणं घेताना पाहून अनेक तरुणांना वाटलं, आपणही मागची सळई जाड करून घ्यावी. त्यांच्यासाठी दोन शब्द बोलतो.

रस्त्यावरची गाडी नाक बाहेर काढते ती कारखान्याच्या अडाणीपणामुळे नव्हे. तिला मुद्दाम तसं केलेलं असतं. सामान्य माणूस घाबरला की पाय काढतो. नाक बाहेर काढणारी गाडी पाय काढल्यावर सावरते. शेपूट सोडणारी गाडी पाय काढल्यावर गिरकी घेते, आणि तिथं समोर ट्रॅकची रेती नसते, समोरून एस.टी. येत असते.

हाच हिशेब टायरांनाही लागू आहे, आणि इथं आपण सगळेच चुकतो. पुढून ओढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात. आपण गॅरेजवाल्याला म्हणतो, नवीन जोडी पुढं टाक, जुनी मागं. काम करणाऱ्याला नवे कपडे, असा साधा न्याय. पण टायर बनवणारे बरोबर उलटं सांगतात. जोडी बदलायची तर नवी मागं बसवा, आणि मागची बरी असेल ती पुढं आणा. पावसात घासलेला टायर आधी पाण्यावर तरंगतो. तो पुढं असेल तर स्टिअरिंग हलकं लागतं, तुम्हाला कळतं, तुम्ही पाय काढता. तो मागं असेल तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

आमचा गॅरेजवाला अजून हे मानत नाही. दर वेळी मला ते त्याच्यासमोर उभं राहून करून घ्यावं लागतं, आणि दर वेळी तो शेवटचा नट आवळताना म्हणतो, "साहेब, चांगला माल मागं वाया घालवलात."